तांबट नेमका कुठला? हॅकॅथॉन, एआय आणि पश्चिम घाटातले आवाज

गेल्या ऑगस्टमध्ये मी एका हॅकॅथॉनला गेले होते, असं वाङ्मय मंडळाच्या बैठकीत सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "साहित्याच्या मुलीचं तिथं काय काम?" प्रश्न रास्त होता. तिथे बसल्या बसल्या मलाही तो दोन-तीनदा पडला होता. मॅडम म्हणाल्या, "मग तेच लिही की अंकासाठी." म्हणून हा लेख. पर्यावरणाचा एखादा प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्तेच्या, म्हणजे एआयच्या मदतीने सोडवायला आपण चोवीस तास बसतो, तेव्हा नक्की काय सुटतं आणि काय तसंच राहतं, हे एका उदाहरणावरून बघायचं आहे. उदाहरण आपल्या घाटातलंच आहे.

आधी शब्द. 'हॅक' आणि 'मॅरेथॉन' जोडून 'हॅकॅथॉन' झाला. इथे हॅक म्हणजे कुणाच्या खात्यात घुसणं नव्हे, तर मिळेल त्या सामग्रीतून झटपट तोडगा काढणं. १९९९ च्या जूनमध्ये कॅनडातल्या कॅल्गरी शहरात ओपनबीएसडी या संगणकप्रणालीवर काम करणारे मोजके प्रोग्रामर एकत्र बसले, त्या बैठकीसाठी हा शब्द वापरला गेला. आपल्याकडे २०१७ पासून सरकारची स्मार्ट इंडिया हॅकॅथॉन चालते, तिच्या सॉफ्टवेअरच्या अंतिम फेरीत मुलं सलग ३६ तास काम करतात. २०१८ च्या मार्चमध्ये तर व्हॅटिकनमध्येसुद्धा ३६ तासांची हॅकॅथॉन झाली. तिचे विषय सामाजिक समावेश, आंतरधर्मीय संवाद आणि स्थलांतरित हे होते, पर्यावरण नव्हतं. 'लाउदातो सी' येऊन तोवर तीन वर्षं होत आली होती, त्यामुळे मला हे जरा नवल वाटलं. असो.

आमच्या संघात चौघं होतो. दोघे इंजिनिअरिंगचे, एक झूलॉजीची माझी मैत्रीण आणि मी. मला घेतलं होतं ते स्लाइड करायला आणि परीक्षकांपुढे बोलायला. "तुझं इंग्लिश चांगलं आहे आणि मराठीपण," असं आमचा कॅप्टन म्हणाला होता. विषय होता वन आणि वन्यजीव. मैत्रिणीकडे जूनच्या पहिल्या आठवड्यातली रेकॉर्डिंग होती. ती आणि तिचे मामा जांबोटीवरून कणकुंबीकडे जाताना पहाटे रस्त्याकडेला थांबले होते, तेव्हा फोनवर केलेली. एकूण अकरा तास. त्यात कोणकोणते पक्षी बोलतायत हे यंत्राने ओळखून द्यायचं, असं आमचं ठरलं.

पक्षी ओळखून पर्यावरणाचं काय होणार, असं कुणी म्हणेल. तर एखादं जंगल बरं आहे की खालावतंय, तोडलेल्या जागी पुन्हा झाडं लावली तर तिथे जीव परत येतायत का, हे पक्ष्यांवरून बऱ्यापैकी कळतं. पण त्यासाठी जाणकार माणसाला पहाटे उठून पुन्हा पुन्हा तिथे जावं लागतं. अशी माणसं थोडी, डोंगर अवाढव्य. पश्चिम घाट सुमारे १६०० किलोमीटर लांब आहे. रेकॉर्डर मात्र झाडाला बांधून ठेवला की दिवसरात्र, पावसापाण्यात ऐकत राहतो. अडचण एवढीच की तो हजारो तास साठवतो आणि ते ऐकायला कुणाला वेळ नसतो. एआयचं काम इथे सुरू होतं.

आता यंत्र ऐकतं कसं? खरं तर ते ऐकत नाही, बघतं. आवाजाचा एक नकाशा काढतात, त्याला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात. डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर आवाजाची पट्टी, आणि जिथे आवाज जोरात तिथे ठिपका ठळक. कोकीळ 'कुऊ' करत वर चढते, तर नकाशावर तशी वर चढणारी रेघ उमटते. तांबटाचं 'टुक टुक टुक' म्हणजे एकाच उंचीवर सारख्या अंतराने पडलेले ठिपके. ही चित्रं हजारोंनी दाखवायची, प्रत्येकाखाली पक्ष्याचं नाव द्यायचं, आणि मॉडेल नावाचा तो गणिती सांगाडा हळूहळू चित्र आणि नाव यांची जोडी लावायला शिकतो. मला पहिल्यांदा स्पेक्ट्रोग्राम दाखवला तेव्हा बाराखडी गिरवणाऱ्या मुलाची पाटी आठवली.

शिकवायला लागणारी रेकॉर्डिंग कुठून आणायची? इथे आम्हाला एक तयार वाट सापडली. बर्डक्लेफ नावाची स्पर्धा दरवर्षी कॅगल या संकेतस्थळावर होते. हीसुद्धा हॅकॅथॉनच्याच जातीची, फक्त रात्रीत न संपता दोन-अडीच महिने चालणारी आणि जगभरातून कुणीही भाग घ्यावा अशी. २०२४ साली एप्रिल ते जून झालेल्या या स्पर्धेचा विषय होता पश्चिम घाटातले पक्षी. कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिशास्त्र प्रयोगशाळा, गूगलचे संशोधक यांच्याबरोबर तिरुपतीच्या आयसरमधली मंडळीही त्यात होती. एकूण १८२ जाती. त्यात घरचा कावळा आणि चिमणी आहे, मोर आहे, महाधनेश आहे, कर्णा आहे आणि आपला शीळ घालणारा मलबारी कस्तूरही आहे. शिकवण्यासाठीची रेकॉर्डिंग झेनो-कँटो या संग्रहातली होती. २००५ पासून जगभरचे हौशी लोक तिथे पक्ष्यांचे आवाज फुकट ठेवत आले आहेत. म्हणजे इतक्या मोठ्या एआय स्पर्धेच्या मुळाशी कुणीतरी पहाटे चिखलात उभं राहून माइक धरलेला असतो.

या स्पर्धेच्या दोन अटी मला फार आवडल्या. नियम वाचताना एरवी मला झोप येते, पण हे नियम एखाद्या चांगल्या वृत्तासारखे वाटले, बांधून ठेवणारे आणि म्हणूनच काहीतरी करायला लावणारे.

पहिली अट वेळेची. परीक्षेला चार-चार मिनिटांची सुमारे ११०० रेकॉर्डिंग. प्रत्येकाचे पाच-पाच सेकंदांचे तुकडे करून दर तुकड्यात कोण बोलतंय ते सांगायचं. चार मिनिटांत असे ४८ तुकडे, म्हणजे एकूण पन्नास हजारांच्या वर. हे सगळं दोन तासांत आणि साध्या प्रोसेसरवर. एआयसाठी लागणारी ती महागडी ग्राफिक्स कार्डं वापरायची नाहीत. हिशोब केला तर एका तुकड्याला सेकंदाचा सातवा हिस्सासुद्धा मिळत नाही. त्यामुळे अवाढव्य मॉडेल आणून टाकण्यात अर्थ नव्हता, छोटं आणि चपळ हवं होतं. जंगलात काम करणाऱ्या एखाद्या छोट्या संस्थेच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालेल असं. जंगल वाचवायचं म्हणून वीज खाणारं यंत्र चालवायचं, हा विरोधाभास निदान तिथे थोडा आवरला होता.

दुसरी अट गुण देण्याची. ती नीट समजून घ्यायला मला आमच्या स्वतःच्या फजितीची मदत झाली, म्हणून आधी फजिती.

रात्री साडेअकराच्या सुमाराला आमचं मॉडेल शिकून तयार झालं. कॅप्टनने पडद्यावर आकडा दाखवला, अचूकता ९४ टक्के. आम्ही टाळ्या वाजवल्या, चहा मागवला. मग मैत्रीण म्हणाली, "आता माझ्या रेकॉर्डिंगवर चालव बघू." चालवलं. मॉडेलने पहिल्याच तासात सतरा वेळा घुबड ओळखलं. उजाडल्यावर, रस्त्याकडेला, सतरा वेळा घुबड! मुलं खूश झाली, पण मैत्रीण गप्प. मला म्हणाली, "तू रिकामी आहेस नव्हं? हेडफोन लाव आणि ते सतरा तुकडे ऐक."

मी ऐकले. एकाही तुकड्यात घुबड नव्हतं. सतराच्या सतरा ठिकाणी मामा बोलत होते. "पाऊस येतोय बघ", "चहा हाय काय थर्मासात", असं.

कारण शोधायला तासभर गेला. झेनो-कँटोवर रेकॉर्डिंग ठेवणारे बरेच जण शेवटी हळू आवाजात स्वतःच बोलतात, पक्ष्याचं नाव, जागा, वेळ. रात्रीच्या अंधारात घुबड गप्प झालं की माणूस बोलतो. आम्ही काय केलं होतं? प्रत्येक रेकॉर्डिंगचे पाच सेकंदांचे तुकडे पाडले आणि सगळ्या तुकड्यांना एकच नाव चिकटवलं. त्यामुळे माणसाच्या बोलण्याच्या तुकड्यांनाही 'घुबड' हे नाव गेलं. मॉडेल मूर्ख नव्हतं. आम्ही जे शिकवलं ते त्याने मन लावून शिकलं होतं.

दुसरी चूक जास्त गमतीची. मैत्रिणीच्या फोनमध्ये शहरातलीही काही मिनिटं राहून गेली होती, तिच्या घराच्या खिडकीतली. तिथे मॉडेलने भर दुपारी सलग आठ मिनिटं तांबट ओळखला. आता तांबट शहरात असतोच, वडा-पिंपळावर बसून दुपारभर टुकटुकतो, त्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं. पण ऐकलं तर पलीकडच्या दुकानात कुणीतरी भांड्यावर ठोकत होतं. म्हणजे खरा तांबटच की! तांबं ठोकणाऱ्या कारागिराचं नाव मराठीने त्या पक्ष्याला दिलं, इंग्रजीनेही कॉपरस्मिथ म्हणजे तेच दिलं, आणि आमचं यंत्र उलट्या रस्त्याने जाऊन पोचलं कारागिराकडे.

मी हसत सुटले आणि मुलांना ते रूपक समजावून सांगायला लागले. कॅप्टन वैतागून म्हणाला, "रूपक राहू दे, एरर आहे ती." दोघांचंही बरोबर होतं असं मला आज वाटतं. पण एक फरक आहे. ज्याने पहिल्यांदा त्या पक्ष्याला तांबट म्हटलं, त्याला पक्षी आणि कारागीर दोन्ही वेगळे ठाऊक होते. ते वेगळेपण ठाऊक असल्याशिवाय रूपक होत नाही. आमच्या मॉडेलला दोघंही एकसारखे ठिपके होते.

नावांचा विषय निघालाच आहे तर अजून एक. बर्डक्लेफच्या यादीत पक्ष्यांना नावं नसतात, संकेत असतात. मलबार व्हिसलिंग थ्रश या इंग्रजी नावाची अक्षरं छाटून 'एमएडब्ल्यूटीएचआर१' असा. कॉम्प्युटरला तेच सोयीचं, त्याबद्दल तक्रार नाही. पण आमचं ॲप पडद्यावर तोच संकेत दाखवत होतं आणि वर आम्ही ते 'स्थानिक लोकांसाठी' आहे असं स्लाइडवर लिहिलं होतं. जांबोटीच्या कुठल्या माणसाला ते कळणार? मग रात्री एक ते तीन मी मराठी नावं भरत बसले. मारुती चितमपल्लींनी 'पक्षिकोश' केला तो कशासाठी, हे मला त्या रात्री कळलं. आयुष्य वनखात्यात काढलेल्या माणसाने पक्ष्यांची नावं गोळा केली, आणि एकाच पक्ष्याला गावोगाव वेगळं नाव असतं हे धरून गोळा केली. आमच्या तक्त्यात मात्र दर पक्ष्याला एकच रकाना होता. मी जास्तीचा रकाना मागितला, मिळाला नाही. वेळ नव्हता.

आणि बोली फक्त माणसांना नसते. दक्षिणेकडे निलगिरी, अन्नमलाई अशा उंच डोंगरमाथ्यांवर शोला जंगलं आहेत, मधल्या खोल दऱ्यांमुळे एकमेकांपासून तुटलेली. शास्त्रज्ञ त्यांना आकाशातली बेटं म्हणतात. तिथल्या एका छोट्या स्थानिक पक्ष्याचं गाणं बेटाबेटाला वेगळं आहे, असं २०११ साली छापलेल्या अभ्यासात व्ही. व्ही. रॉबिन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. बेळगावची मराठी ऐकून पुण्याचा माणूस जसा क्षणभर थांबतो, तसंच मॉडेलही थांबायला हवं. थांबत नाही. २०२४ च्या स्पर्धेतला भर या दक्षिणेच्या भागावर होता. खानापूरच्या रानातल्या आवाजांवर तेच शिक्षण लागू पडेल, हे आम्ही गृहीत धरलं होतं, तपासलं नव्हतं.

आता गुणांची अट. आमचे ९४ टक्के आले कुठून? आमच्या परीक्षेच्या तुकड्यांत कावळा, साळुंकी, बुलबुल आणि कोकीळ यांचीच गर्दी होती. समजा शंभर तुकड्यांत ९४ कावळ्याचे आहेत. मग काही न शिकता, डोळे मिटून 'कावळा, कावळा' म्हणत बसलेल्या मॉडेललाही ९४ टक्के मिळतात. उरलेल्या सहांमध्ये दुर्मिळ पक्षी असेल तर तो गेला. आणि जंगल वाचवायच्या कामात तोच तर हवा असतो. कावळ्याला शोधायला रेकॉर्डर कशाला बांधायचा?

बर्डक्लेफमध्ये म्हणून प्रत्येक जातीचे गुण वेगळे काढून मग त्यांची सरासरी घेतात. कावळ्याला जेवढं वजन, तेवढंच ज्याची मोजकीच रेकॉर्डिंग आहेत अशा पक्ष्याला. गुण मोजायची रीत अशी: तो पक्षी असलेला एक तुकडा घ्या, नसलेला एक घ्या, मॉडेल असलेल्याला वरचा क्रमांक देतं का बघा. नाणं उडवून उत्तर दिलं तर ०.५ येतात, कधीच चुकलं नाही तर १. नऊशेहून अधिक संघ, त्यात या विषयात मुरलेले लोक, दोन महिन्यांचं जागरण. आणि पहिल्या आलेल्या संघाचे गुण? ०.६९ च्या आसपास. अव्वल संघांनी सगळे उपाय केले होते. जंगलातली नाव न दिलेली रेकॉर्डिंग आधी मॉडेलकडूनच ओळखून घ्यायची आणि त्यावर मॉडेलला पुन्हा शिकवायचं, असेही. तरी तेवढेच. कारण माइक जवळ धरून केलेलं एका पक्ष्याचं स्वच्छ रेकॉर्डिंग वेगळं आणि पाऊस, रातकिडे, दहा पक्षी एकदम बोलतायत असं रान वेगळं. त्यात भृंगराजासारखा नकलाकार असेल तर विचारूच नका. तो इतर पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो.

हे सगळं पहाटे पाचला मला आणि मैत्रिणीला कळलेलं होतं. प्रेझेंटेशन दहाला होतं, बोलणार मी होते आणि तिसऱ्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत ९४ टक्के लिहिलेलं होतं.

मी म्हटलं, हा आकडा काढूया. निदान खाली लिहूया की रानातल्या रेकॉर्डिंगवर मॉडेल चुकतंय. कॅप्टन म्हणाला, "सगळे नव्वदच्या वरचेच आकडे दाखवणार. आपणच कमी दाखवून बाहेर पडायचं काय?" तो वाईट मुलगा नाही. तो दोन रात्री झोपला नव्हता आणि त्याला त्या प्रमाणपत्राची नोकरीसाठी गरज होती, मला नव्हती. मैत्रीण माझ्याकडे बघत राहिली. स्लाइड तशीच राहिली.

मी सहा मिनिटं बोलले, छान बोलले. घाटाचं वर्णन केलं, भीमगडच्या जंगलाचं नाव घेतलं, मराठी नावांचा तक्ता दाखवला, त्यावर टाळ्याही पडल्या. एका परीक्षकांनी विचारलं, "प्रत्यक्ष जंगलात तपासलंत का?" मी म्हणाले, "होय, जांबोटीच्या बाजूचं रेकॉर्डिंग वापरलं आहे." वाक्य खरं होतं. वापरलं होतंच. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही आणि मी पुढचं वाक्य बोलले नाही. आम्हाला तिसरं बक्षीस मिळालं.

साहित्याच्या वर्गात आपण शिकतो की निवेदक काय सांगतो यापेक्षा काय गाळतो ते बघा. मी तो प्रश्न परीक्षेत दहा गुणांसाठी लिहिलेला आहे, चांगले गुण पडले होते.

हॅकॅथॉनवर माझा राग नाही, हे सांगायला हवं. चार वेगवेगळ्या शाखांची मुलं एरवी एका टेबलावर बसतच नाहीत. स्पेक्ट्रोग्राम म्हणजे काय हे मला एका रात्रीत कळलं, वर्षभराच्या व्याख्यानांनी कळलं नसतं. माझी तक्रार घड्याळाबद्दल आहे. चोवीस तासांत मॉडेल तयार होतं, कारण ते बहुतेक आधीच कुणीतरी केलेलं असतं. नीट ऐकायचं काम चोवीस तासांत होत नाही, म्हणून तेच गाळलं जातं, आणि परीक्षकही त्याचे गुण ठेवत नाहीत. आयोजकांनी एकच बदल करावा. आकडा दाखवणाऱ्या प्रत्येक संघाला मॉडेल चुकलेले दहा तुकडे सगळ्यांसमोर ऐकवायला लावावेत. आमचे मामा तिथे ऐकू आले असते तर सभागृह हसलं असतं, आणि सगळ्यांना आमच्या भाषणापेक्षा जास्त कळलं असतं.

ॲपचं पुढे काही झालं नाही. दुवा अजून आहे, शेवटचं कधी कुणी उघडलं देव जाणे. महिन्याभराने कॅप्टनला फोन करून मी घुबडाचं सगळं पुन्हा काढलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "डेटा नीट करून दे, मी परत शिकवतो त्याला." त्याने दुव्याच्या पानावर वरच एक ओळ टाकली आहे, की हा आकडा रानातल्या रेकॉर्डिंगचा नाही. मला वाटलं त्यापेक्षा सहज टाकली.

आता दर शनिवारी दुपारी मी आणि मैत्रीण झूलॉजीच्या प्रयोगशाळेत बसून ती अकरा तासांची रेकॉर्डिंग पाच-पाच सेकंदांनी ऐकतोय. अकरा तास म्हणजे ७९२० तुकडे. आत्तापर्यंत १३०० च्या आसपास झाले. तक्त्यात पक्ष्याचं नाव, मामांकडून मिळालेलं गावातलं नाव आणि तिसरा रकाना 'माहीत नाही'. तो तिसरा सगळ्यात भरलेला आहे. कस्तुराची शीळ मला आता पावसातूनही ओळखू येते, हरवलेल्या पोरासारखी, कुठेच न पोचणारी. कुणाला यायचं असेल तर या, दोन वाजता असतो आम्ही. हेडफोन मात्र स्वतःचा आणा, लॅबमधल्या दोनपैकी एकाचा डावा कान चालत नाही.